दीड अंशाची मर्यादा

जागतिक हवामान संघटनेने १० जानेवारी २०२५ रोजी आदल्या वर्षाच्या उष्णतेचा हिशेब जाहीर केला. २०२४ साली पृथ्वीच्या पृष्ठभागाचे सरासरी तापमान १८५० ते १९०० या अर्धशतकातील सरासरीपेक्षा सुमारे १.५५ अंश सेल्सिअसने अधिक होते, असे त्यात नमूद होते. मोजमापे सुरू झाल्यापासून इतके उष्ण वर्ष दुसरे झालेले नव्हते. आणि ज्या मर्यादेपलीकडे जाऊ न देण्यासाठी प्रयत्न करण्याचे वचन जगातील राष्ट्रांनी नऊ वर्षांपूर्वी पॅरिस येथे दिले होते, ती दीड अंशाची मर्यादा एका संपूर्ण वर्षाने प्रथमच ओलांडली होती.

हे वृत्त वाचून सामान्य माणसाच्या मनात जी शंका येते ती गैर नव्हे. नागपुरात मे महिन्यातील पहाट आणि दुपार यांच्या तापमानात पंधरा अंशांचा फरक सहज पडतो. पुण्याचा मनुष्य महाबळेश्वरी गेला तरी त्याला दीड अंशाहून अधिक गारवा लाभतो. मग एवढ्याशा फरकाने पृथ्वीचे असे काय बिघडणार? या शंकेचे उत्तर 'सरासरी' या शब्दात आहे. दीड अंश हा कोणा एका गावाचा, एका दुपारचा फरक नव्हे. सर्व खंड व सर्व महासागर, ध्रुवप्रदेश व विषुववृत्त, दिवस व रात्र, उन्हाळा व हिवाळा हे सारे एकत्र मिळवून काढलेली ती सरासरी आहे, आणि ही सरासरी मोठी हट्टी असते. ती सहसा हलत नाही. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, अखेरच्या हिमयुगाच्या ऐन भरात, ती औद्योगिक क्रांतीपूर्व काळाहून अवघ्या पाच-सहा अंशांनी कमी होती. तेवढ्याने कॅनडा आणि उत्तर युरोप यांवर काही किलोमीटर जाडीचे बर्फ साचले होते, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती, आणि कोकणचा किनारा आजच्या किनाऱ्याच्या पश्चिमेस कित्येक कोस दूर होता. पाच-सहा अंशांनी ज्या पृथ्वीचा नकाशा बदलला, तिच्या बाबतीत दीड अंशाला क्षुल्लक म्हणता येत नाही. त्यातही जमीन समुद्रापेक्षा अधिक तापते आणि उत्तर ध्रुवाकडील प्रदेश त्याहूनही अधिक. म्हणजे सरासरी दीड अंशाची वाढ याचा अर्थ, जेथे माणसे राहतात त्या पुष्कळ ठिकाणी दीड अंशाहून अधिक वाढ.

ही मर्यादा आली कोठून, हे पाहणेही उद्बोधक आहे. निसर्गाने दीड अंशावर कोठे खूण करून ठेवलेली नाही. प्रथम चर्चा होती ती दोन अंशांची. १९७० नंतरच्या दशकात विल्यम नॉर्डहाउस या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने दोन अंशांचा ढोबळ अंदाज मांडला. १९९६ मध्ये युरोपीय राष्ट्रांनी तो धोरण म्हणून स्वीकारला. आणि २००९ च्या कोपनहेगन परिषदेत सर्व जगापुढे तोच ठेवण्यात आला. त्या वेळी विरोधाचा स्वर उमटला तो लहान लहान बेटांच्या राष्ट्रांकडून. मालदीव, तुवालू, मार्शल बेटे यांसारख्या देशांची भूमी समुद्रसपाटीपासून जेमतेम एक-दोन मीटर उंच. दोन अंश ही तडजोड तुमच्यासाठी असेल, आमच्यासाठी तो मृत्युलेख आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. त्यांच्या आग्रहामुळेच १२ डिसेंबर २०१५ रोजी संमत झालेल्या पॅरिस करारात दुहेरी वाक्यरचना आली : वाढ दोन अंशांच्या बरीच खाली रोखायची, आणि ती दीड अंशापर्यंतच थांबावी म्हणून प्रयत्न करीत राहायचे. मुत्सद्द्यांच्या भाषेला साजेशीच ही रचना आहे. तीत वचनही आहे आणि वचनातून निसटण्याची फटही आहे.

दोन मर्यादांमधील अर्ध्या अंशाने खरोखर काय फरक पडतो, याचा तपास त्यानंतर झाला. हवामानबदलाचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय शास्त्रज्ञमंडळाने ऑक्टोबर २०१८ मध्ये दक्षिण कोरियातील इंचॉन येथे आपला अहवाल प्रसिद्ध केला. तो येईपर्यंत अनेकांची समजूत अशी होती की, अर्ध्या अंशाचा वाद हा केवळ शब्दांचा वाद असावा. अहवालाने ती समजूत पार मोडून काढली. दीड अंशावर जगातील सुमारे १४ टक्के लोकांना पाच वर्षांतून एकदा तरी तीव्र उष्णतेच्या लाटेस तोंड द्यावे लागेल, दोन अंशांवर हेच प्रमाण ३७ टक्के होईल. उत्तर ध्रुवसागर उन्हाळ्यात बर्फाविना उघडा पडण्याचा प्रसंग दीड अंशावर शतकातून एकदा, तर दोन अंशांवर दशकातून एकदा तरी येईल. प्रवाळभित्तींची हानी दीड अंशावर ७० ते ९० टक्के, आणि दोन अंशांवर ९९ टक्क्यांहून अधिक. या शेवटच्या आकड्याकडे पुढे पुन्हा वळावे लागेल.

आता २०२४ साली ही मर्यादा ओलांडली गेली, म्हणजे करार मोडला काय? तांत्रिक दृष्ट्या नाही. प्रशांत महासागरातील 'एल निनो' नावाच्या उष्ण प्रवाहामुळे एखादे वर्ष अधिक तापते, पुढचे थोडे निवते. म्हणून शास्त्रज्ञ सुमारे वीस वर्षांची सरासरी धरून निर्णय देतात. परंतु या तांत्रिकतेत समाधान मानण्याजोगे फारसे काही नाही. वर्षावर्षाचे चढउतार वगळून केवळ मानवी कृतीमुळे झालेली वाढ मोजली, तर ती २०२४ मध्ये सुमारे १.३६ अंश भरते, आणि दर दहा वर्षांनी तीत सुमारे पाव अंशाची भर पडत आहे. अंकगणित जाणणाऱ्या कोणालाही पुढील आकडेमोड करता येईल. संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणिसांनीही २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये ती केली, आणि येत्या काही वर्षांत ही मर्यादा ओलांडली जाणे आता अटळ आहे, हे उघडपणे मान्य केले.

याचे कारण हवेत साठलेल्या कार्बन डायऑक्साइडमध्ये, म्हणजे कर्बवायूत आहे. कोळसा, खनिज तेल व वायू जाळल्याने आणि जंगले तोडल्याने निर्माण होणारा हा वायू पृथ्वीवरून परत जाणारी उष्णता अडवून धरतो. यांतील काही नवे नाही. स्वीडनच्या स्वांते अऱ्हेनियस यांनी १८९६ सालीच त्याचे गणित मांडले होते. नवे आहे ते त्याचे प्रमाण. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे सुमारे २८० भाग असत. १९५८ मध्ये चार्ल्स कीलिंग यांनी हवाई बेटांतील मौना लोआ पर्वतावर नियमित मोजणी सुरू केली तेव्हा ते सुमारे ३१५ होते. आज ते ४२० च्याही वर गेले आहे. या वायूचा स्वभाव ध्यानी घेण्यासारखा आहे. धूळ पावसाबरोबर खाली बसते, धुके उन्हाने विरते. परंतु कर्बवायू हवेत शिरला की त्यातील काही भाग हजारो वर्षे तेथेच राहतो. त्यामुळे पृथ्वी किती तापेल हे यंदा किती धूर सोडला यावर ठरत नाही, आजवर एकूण किती सोडला यावर ठरते. १८५० ते २०१९ या काळात मानवाने सुमारे २,४०० अब्ज टन कर्बवायू हवेत सोडला. दीड अंशाच्या आत राहण्याची निदान निम्मी आशा धरावयाची, तर २०२५ च्या आरंभी केवळ १३० अब्ज टनांची पुंजी शिल्लक होती. जगाचा वार्षिक खर्च सुमारे ४० अब्ज टन आहे. तीन वर्षांची शिधासामग्री घेऊन तीस वर्षांच्या प्रवासास निघालेल्या तांड्यासारखी ही स्थिती आहे.

म्हणूनच गेल्या काही वर्षांत एक नवा विचार पुढे आला. तो असा की, मर्यादा ओलांडली जाणार असेल तर जावो. शतकाच्या मध्यापर्यंत तापमान दीड अंशापलीकडे चढेल, नंतर हवेतील कर्बवायू काढून घेऊन ते पुन्हा खाली आणता येईल, आणि शतक संपता संपता सर्व काही ठीक होईल. अनेक सरकारी आराखडे व हवामानाची पुष्कळशी भाकिते आज याच गृहीतावर उभी आहेत. कागदावरील वक्ररेषा चढते, वाकते आणि उतरते. पाहणाऱ्याला वाटते, एक टेकडी ओलांडून पलीकडे उतरावे तसे हे आहे.

या विचारातील गफलत समजण्यासाठी स्वयंपाकघरापेक्षा दूर जावे लागत नाही. दूध तापविले आणि निवविले, तर ते पूर्ववत् दूधच राहते. पण तापताना ते नासले, तर पुढे कितीही निवविले तरी नासलेलेच राहते. तापमापक दोन्ही पातेल्यांत सारखाच आकडा दाखवील. पृथ्वीच्या बाबतीत कोणत्या गोष्टी निवलेल्या दुधासारख्या आहेत आणि कोणत्या नासलेल्या दुधासारख्या, हा आजचा खरा प्रश्न आहे.

प्रथम निवविण्याचाच विचार करू. जगाने कर्बवायू सोडणे पूर्णपणे थांबविले, तर तापमानाची वाढ जवळजवळ त्याच ठिकाणी थांबते, असे आजचे शास्त्र सांगते. ही गोष्ट पुरेशी सांगितली जात नाही. ती मोठ्या दिलाशाची आहे. परंतु वाढ थांबते याचा अर्थ तापमान उतरते असा नव्हे. ते शतकानुशतके त्याच उंचीवर रेंगाळत राहते. उतरवायचे असेल, तर आजवर हवेत सोडलेला वायू परत गोळा करावा लागतो. त्याचा हिशेब आंतरराष्ट्रीय शास्त्रज्ञमंडळाने मांडला आहे : अंशाचा एक दशांश भाग खाली येण्यासाठी सुमारे २२० अब्ज टन कर्बवायू हवेतून काढावा लागेल. म्हणजे सारे जग आज साडेपाच वर्षांत जेवढा सोडते तेवढा. आणि तोही नवा वायू सोडणे पूर्णपणे बंद झाल्यानंतर. अंदाज चुकला तर हा आकडा १६० वर येईल किंवा ३७० वर जाईल.

हे काम करणार कोण? वृक्ष करतात, यात संशय नाही. जगात नवीन वनलागवडीने व वनांच्या जोपासनेने वर्षाला सुमारे दोन अब्ज टन वायू शोषला जातो. पण वृक्षांना जमीन लागते, जमिनीवर धान्यही पिकवायचे असते, आणि एखाद्या कोरड्या उन्हाळ्यात वणवा लागला म्हणजे तीस वर्षांची बचत तीन दिवसांत धूर होऊन जाते. यंत्रेही निघाली आहेत. आइसलँडमध्ये २०२१ साली हवेतून कर्बवायू शोषून तो खडकांत जिरविणारा कारखाना सुरू झाला. २०२४ मध्ये तेथेच त्याहून कितीतरी मोठा, वर्षाला ३६,००० टनांच्या संकल्पित क्षमतेचा दुसरा उभारण्यात आला. त्यामागील बुद्धिमत्ता वाखाणण्यासारखी आहे. तथापि सारे जग अवघ्या अर्ध्या मिनिटाच्या आत जेवढा कर्बवायू हवेत सोडते, तेवढा परत घेण्यास या कारखान्याला पूर्ण क्षमतेने एक वर्ष राबावे लागेल. अशी यंत्रे पुढे स्वस्त होतील व वाढतीलही. परंतु नातवाच्या पगारावर आज कर्ज काढणे आणि या यंत्रांच्या भरवशावर आज कोळसा जाळणे यांत तत्त्वतः अंतर नाही.

तरीही क्षणभर मानू की हे सर्व साधले. एक-दोन पिढ्यांच्या कष्टाने तापमान दीड अंशाच्या खाली परत आले. तेव्हा काय परत आलेले असेल?

आपल्या देशात या प्रश्नाचे सर्वांत स्पष्ट उत्तर अरबी समुद्रात मिळते. केरळच्या किनाऱ्यापासून दोन-चारशे किलोमीटरवर लक्षद्वीपची बेटे आहेत. दहा बेटांवर वस्ती आहे. २०११ च्या जनगणनेत ती सुमारे ६४,००० भरली. ही बेटे समुद्रसपाटीपासून फार तर एक-दोन मीटर उंच. त्यांना पायाचा पाषाण असा नाही; ती प्रवाळांनी बांधलेली आहेत. प्रवाळ म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढा वा थोडा मोठा असा मऊ प्राणी. तो समुद्रातील चुना घेऊन स्वतःभोवती घर बांधतो, आणि त्याच्या शरीरात सूक्ष्म शैवले राहतात. शैवले सूर्यप्रकाशावर अन्न तयार करून यजमानाला देतात, यजमान त्यांना आसरा देतो. हा संसार हजारो वर्षे सुखाने चालत आला. मात्र उष्णतेच्या बाबतीत तो अतिशय नाजूक आहे. समुद्राचे पाणी नेहमीच्या ऐन उन्हाळ्यातील तापमानापेक्षा एक अंशानेच अधिक तापले आणि काही आठवडे तसेच राहिले, की प्रवाळ आपल्या शरीरातील शैवले बाहेर टाकतो. रंग शैवलांचा असल्यामुळे प्रवाळ पांढराफटक दिसू लागतो, आणि अन्नही शैवलांचेच असल्यामुळे तो उपाशी पडतो. लवकर गारवा आला तर शैवले परततात. न आला तर तो मरतो.

लक्षद्वीपच्या भित्तींना असा पहिला मोठा तडाखा १९९८ मध्ये बसला. त्यानंतर २०१० मध्ये, मग २०१६ मध्ये, आणि पुन्हा २०२४ मध्ये. पहिला तडाखा बसला तेव्हा अभ्यासकांनी मोजणी सुरू केली आणि ती पुढे चोवीस वर्षे चालू ठेवली. अशा चिकाटीचे मोल उशिराच कळते. अगत्ती, कदमत व कवरत्ती या बेटांभोवती १९९८ साली भित्तीचा सुमारे ३७ टक्के भाग जिवंत प्रवाळांनी व्यापलेला होता. २०२२ मध्ये तो १९ टक्क्यांच्या आसपास उरला. या मोजणीतून आणखी एक महत्त्वाची गोष्ट निष्पन्न झाली. दोन तडाख्यांच्या मध्ये सुमारे सहा वर्षांची उसंत मिळाली, तरच भित्ती चांगल्या वेगाने भरून येऊ लागते. म्हणजे प्रवाळाला मारते ती केवळ उष्णता नव्हे, उसंतीचा अभावही मारतो. तापमान मर्यादेपलीकडे वीस-तीस वर्षे राहिले, तर त्या काळात अशी सहा वर्षे लाभण्याचा योग दुर्मिळ होत जातो, आणि तापमान परत उतरते तेव्हा नवी भित्ती बांधायला मागे बीजच उरलेले नसते. ही स्थिती लक्षद्वीपपुरतीही नाही. २०२३ पासून सुरू झालेल्या जागतिक तडाख्यात जगातील सुमारे ८४ टक्के प्रवाळक्षेत्राला प्रवाळ पांढरे पाडण्याइतकी उष्णता सोसावी लागली.

येथे केवळ रंगीत माशांच्या सौंदर्याचा प्रश्न नाही. भित्ती मोसमी लाटांचा मारा स्वतःच्या अंगावर घेते आणि आतील शांत जलाशयाचे रक्षण करते. बेटावरील कोळी कुपा, म्हणजे ट्यूना, पकडतात तो गळाने. त्यासाठी लागणारे आमिषाचे बारीक मासे याच जलाशयात मिळतात. बेटाच्या वाळूखाली पावसाचे गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर पातळ थरासारखे तरंगत असते; विहिरींना तेच पुरते. भित्ती झिजली की लाटा वाढतात, किनारा खचतो, आणि खारे पाणी त्या थरात शिरते. लक्षद्वीपमधील परळी नावाच्या निर्मनुष्य बेटांपैकी एक तर झिजून पूर्णपणे नाहीसे झाल्याचे २०१७ मध्ये नोंदविले गेले. इतर बेटे बुडण्यापूर्वीच राहण्यास अयोग्य होतील, ही भीती अधिक रास्त आहे.

प्रवाळांहून मंद, परंतु कितीतरी अधिक प्रचंड असा दुसरा पदार्थ म्हणजे ध्रुवांकडील बर्फ. ग्रीनलंडवरील हिमस्तर कोठे कोठे तीन किलोमीटर जाड आहे. उंचावर हवा थंड असते, म्हणून या हिमस्तराचा माथा स्वतःच्या उंचीमुळेच गोठलेला राहतो. तो वितळून ठेंगणा होऊ लागला, की त्याचा पृष्ठभाग खालच्या उबदार हवेत येतो आणि आणखी वेगाने वितळतो. काही मर्यादेपलीकडे ही क्रिया स्वतःच स्वतःला पुढे रेटीत राहते. पश्चिम अंटार्क्टिकातील बर्फाचा बराच भाग समुद्रसपाटीखालील खडकावर टेकलेला आहे आणि त्याला खालून उबदार पाणी पोखरीत आहे. ग्रीनलंडच्या बर्फात समुद्र सात मीटरांहून अधिक चढविण्याचे पाणी आहे, पश्चिम अंटार्क्टिकात तीन मीटरांहून अधिक. हे दोन्ही हिमस्तर कलंडण्याचा बिंदू दीड अंशाच्या आसपास असावा, असा अनेक शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. तो थोडा अलीकडे असेल, थोडा पलीकडे असेल. अंधारात कड्याच्या दिशेने चालणाऱ्याला कडा नेमका किती पावलांवर आहे हे ठाऊक नसणे, ही काही निश्चिंतीची गोष्ट नव्हे.

समुद्र उशिरा तापतो आणि उशिरा निवतो. जगात साठणाऱ्या जादा उष्णतेपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक उष्णता तो पोटात घेतो. १९०१ ते २०१८ या काळात त्याची पातळी सुमारे २० सेंटिमीटर वाढली. वाढ दीड अंशावर थांबली तरी येत्या दोन हजार वर्षांत ती दोन ते तीन मीटर चढेल, दोन अंशांवर थांबली तर दोन ते सहा मीटर. मुंबई, कोलकाता, चेन्नई ही शहरे दोन-तीन शतकांत उभी राहिली. त्यांच्या पायाशी असलेला समुद्र मात्र दोन हजार वर्षांच्या हिशेबाने हालतो. तापमानाची रेषा शतकअखेर खाली आली, तरी समुद्राची रेषा तेव्हाही वरच जात असेल.

हिमालयाची कथा निराळी, पण तिची दिशा तीच. काठमांडू येथील पर्वतविकास संस्थेच्या २०१९ च्या अहवालाप्रमाणे, जगाची वाढ दीड अंशावर रोखली तरीही या शतकाच्या अखेरीस हिंदुकुश-हिमालयातील निदान एक तृतीयांश हिमनद्या जातील. जग आजच्या वाटेने गेले तर दोन तृतीयांश. प्रथम पाणी वाढते, नद्या फुगतात, हिमतळी फुटतात. मग पाणी ओसरू लागते. सिंधूच्या खोऱ्यात वितळत्या बर्फाचा वाटा मोठा असल्याने तेथील शेतीला ही ओहोटी अधिक जाणवेल.

काही परिणाम मात्र खरोखरच निवलेल्या दुधासारखे आहेत, हेही सांगितले पाहिजे. उष्णतेच्या लाटा आणि अतिवृष्टी या तापमानाच्या मागोमाग चढतात व बऱ्याच अंशी त्याच्या मागोमाग उतरतात. औद्योगिक क्रांतीपूर्वी पन्नास वर्षांतून एकदा पडणारी तीव्र उष्णता दीड अंशावर तेवढ्याच काळात आठ-नऊ वेळा पडेल, दोन अंशांवर चौदा वेळा. हवा दर अंशामागे सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरून ठेवू शकते. त्यामुळे पाऊस पडतो तेव्हा कोसळतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवून दिले की, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतातील विस्तृत क्षेत्रावरील अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. तापमान उतरले तर हे प्रमाणही उतरेल. परंतु मधल्या तीस-चाळीस वर्षांत उन्हात काम करणारी जी माणसे दगावतील, ती त्या उतरत्या रेषेबरोबर परत येणार नाहीत.

माणसाच्या देहालाही एक मर्यादा आहे, आणि ती कोणत्याही परिषदेने ठरविलेली नाही. घाम वाळतो म्हणून शरीर निवते. माठ पाझरतो आणि ते पाणी वाळते म्हणून आतले पाणी गार होते, त्याचाच हा प्रकार. कोकणात दमट दिवसांत माठातील पाणी म्हणावे तसे गार होत नाही, हा सर्वांच्या अनुभवाचा भाग आहे. हवा पुरेशी उष्ण आणि पुरेशी दमट झाली, तर घाम वाळतच नाही, आणि सावलीत स्वस्थ बसलेला धडधाकट मनुष्यही काही तासांत दगावू शकतो. ओल्या फडक्याने गुंडाळलेल्या तापमापकावर ३५ अंश ही ती तात्त्विक सीमा आहे. प्रत्यक्ष प्रयोगांत तरुण माणसांचीही सहनशक्ती त्याच्या बरीच अलीकडे, ३१ अंशांच्या आसपास, संपते असे आढळले. सिंधू-गंगेचे मैदान आणि भारताचा पूर्व किनारा हे जगातील अशा दमट उष्णतेला सर्वाधिक सन्मुख असलेल्या प्रदेशांत मोडतात. थंड हवेच्या खोलीत काम करणाऱ्याला जो अर्धा अंश आकडेवारीतच भेटतो, तो वीटभट्टीवरील वा रस्त्याच्या कामावरील मजुराला रोज दुपारी भेटेल.

एक आडवाटही सुचविली जाते. १९९१ च्या जूनमध्ये फिलिपीन्समधील पिनातुबो ज्वालामुखीने गंधकाचे प्रचंड लोट आकाशात उधळले आणि पुढील वर्षा-दोन वर्षांत पृथ्वी सुमारे अर्ध्या अंशाने थंडावली. मग मानवानेच विमानांतून असे कण वातावरणाच्या वरच्या थरात का पसरू नयेत? उष्णता तेवढ्याने दबेल खरी. पण कर्बवायू जसाच्या तसा राहील, समुद्राचे पाणी अधिकाधिक आम्ल होत राहील, मोसमी पावसाचे काय होईल याची शाश्वती कोणी देऊ शकत नाही, आणि काही कारणाने हे फवारणे एकाएकी थांबले तर दबलेली उष्णता अल्पावधीत उसळून वर येईल. ज्या देशाची शेती नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांवर अवलंबून आहे, त्याने या आडवाटेकडे सावधपणेच पाहिले पाहिजे.

मर्यादा हुकली म्हणजे सर्व संपले, असा निष्कर्ष यातून काढणे मात्र चुकीचे आहे, आणि तो निष्कर्ष सोयीचाही आहे. सर्व संपले असेल तर काही करावयाचे कारणच उरत नाही. दीड अंश हा कडा नाही, उतार आहे. १.६ पेक्षा १.७ वाईट, १.७ पेक्षा १.८ अधिक वाईट, आणि मर्यादेपलीकडे दहा वर्षे घालविण्यापेक्षा पन्नास वर्षे घालविणे कितीतरी वाईट. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण संस्थेने २०२५ मध्ये वर्तविल्याप्रमाणे आजच्या धोरणांनी जग शतकअखेर सुमारे २.८ अंशांपर्यंत जाईल. पॅरिस करारापूर्वीचे अंदाज याहूनही बरेच वर होते. तेव्हा वचने अपुरी पाळली गेली, तरी ती अगदीच फुकट गेली नाहीत. भारताने २०२१ मध्ये ग्लासगो येथे २०७० पर्यंत निव्वळ शून्यावर येण्याचे जाहीर केले आहे. दर माणशी उत्सर्जन अमेरिकेच्या कितीतरी पट कमी असलेल्या देशाने हे करावे आणि आजवरच्या २,४०० अब्ज टनांत सर्वांत मोठा वाटा असलेल्या देशांनी अधिक काळ मागावा, यातील अन्याय उघड आहे; पण प्रवाळ व बर्फ यांना हा युक्तिवाद ऐकू येत नाही.

शिखर किती उंच होईल, हे ठरविणारा आणखी एक वायू आहे, त्याच्याकडे अलीकडेच पुरेसे लक्ष जाऊ लागले. तो म्हणजे मिथेन. वीस वर्षांच्या मुदतीत तो वजनास वजन कर्बवायूच्या सुमारे ऐंशी पट उष्णता अडवितो. मात्र हवेत तो टिकतो सरासरी बारा वर्षे. कर्बवायू कमी केला तर वाढ थांबते. मिथेन कमी केला तर थोड्याच वर्षांत तापमान किंचित उतरूही शकते. २०२१ मध्ये शंभराहून अधिक देशांनी २०३० पर्यंत तो ३० टक्क्यांनी घटविण्याचा संकल्प केला. भारत त्यात सामील झाला नाही; आपल्याकडचा मिथेन मुख्यतः गुरांच्या पोटातून आणि भाताच्या खाचरांतून येतो, आणि त्याचा भार लहान शेतकऱ्यावर पडेल, ही त्यामागील चिंता होती. ती खोटी नाही. तथापि खाचरात सतत पाणी तुंबवून न ठेवता ते मधून मधून आटू दिले, तर मिथेन बराच घटतो, पाणीही वाचते आणि पीक फारसे कमी येत नाही, असे प्रयोगांत दिसून आले आहे. खाणी, तेलविहिरी व वायुवाहिन्या यांतून गळणारा मिथेन अडविणे तर त्याहून सोपे. पुष्कळ ठिकाणी अडविलेला वायू विकूनच त्याचा खर्च निघतो. या गळत्या आता उपग्रहांवरून एकेक करून दिसू लागल्या आहेत, आणि त्या बुजविण्यासाठी नव्या शोधाची वाट पाहावी लागत नाही.